बाईंची आठशे आणि तीसचा हिरवा फ्यूज

आसरा चौकातून फोन आला तेव्हा संध्याकाळचे पावणेसात वाजले होते आणि पाऊस नुसता ओतत होता. बाई एवढंच म्हणाल्या, "स्टेअरिंग मेलं रे. तू ये." आवाज शांत होता. पस्तीस वर्षं प्राथमिक शाळेत पोरं सांभाळलेल्या माणसाचा असतो तसा.

दुकान हेल्परवर टाकून मी मोटारसायकल काढली. सगळ्या वाटेत डोक्यात एकच चालू होतं: क्रॉसचा बोल्ट. कॉलम म्हणजे स्टेअरिंगचा दांडा, रॅक म्हणजे चाकं वळवणारी दातेरी पट्टी. त्यांना जोडणारा तो क्रॉस निसटला असेल तर चाकं एकीकडे आणि स्टेअरिंग एकीकडे. तो बोल्ट मी स्वतः टॉर्क पान्याने आवळला होता, वर पिवळ्या पेंटची रेघ मारली होती. तरी पोटात गोळा आला.

गाडी चौक ओलांडून उजवीकडच्या रस्त्याला लागली होती आणि पार डाव्या कडेला, केळीच्या हातगाड्यापासून वीतभर अंतरावर उभी होती. गाडेवाला छत्री धरून बाईंना पाणी देत होता. मी खिडकीतून हात घालून स्टेअरिंग हलवलं. चाकं हलली. जोड शाबूत होता, बोल्ट जागेवर होता. फक्त पॉवर, म्हणजे स्टेअरिंग हलकं करणारी मोटरची मदत, गेली होती. मीटरखाली मी बसवलेला लाल दिवा लागलेला होता. इंजिन बंद करून पुन्हा चालू केलं तर दिवा विझला आणि स्टेअरिंग लोण्यासारखं फिरू लागलं. म्हणजे जळलं काहीच नव्हतं. ऐन वळणात मी बसवलेलं पॉवर स्टेअरिंगचं युनिट स्वतःहून बंद पडलं होतं. आपोआप बंद पडणारी आणि आपोआप बरी होणारी गोष्ट मेकॅनिकला सगळ्यात वाईट.

आता मागचं सांगतो. बाईंची गाडी १९९८ची मारुती ८००, पांढरी, कार्बोरेटरवाली. स्वतःच्या पगारातून घेतलेली. २०२३ मध्ये तिचं पासिंग पुन्हा पाच वर्षांसाठी झालंय, २०२८ पर्यंत कागद स्वच्छ. दोन वर्षांपूर्वी बाई अंगणात पडल्या, उजव्या खांद्यात प्लेट बसली. डॉक्टरांनी गाडी चालवायला परवानगी दिली, पण जोर लावायचा नाही असं बजावलं. जुळे सोलापुरातून बहिणीकडे अक्कलकोटला महिन्यातून दोनदा जाणं आणि रोजचा बाजार, एवढंच त्यांचं चालवणं. एका सर्व्हिस सेंटरने त्यांना सांगितलं, या गाडीला पॉवर बसत नाही, नवी घ्या. हे उत्तर मला आवडत नाही. बसत नाही असं नसतं, बसवायला वेळ लागतो आणि तो बिलात दाखवता येत नाही, असं असतं.

माझी रीत अशी की गिऱ्हाईक पॉवर मागायला आलं की आधी बघायचं, मुळात जड का लागतंय. आठशे मुळात हलकी गाडी. तीन सिलिंडरचं ७९६ सीसीचं इंजिन, पुढे वजनच किती? बाईंच्या गाडीला भाच्याने १३ इंची मॅग व्हील आणि रुंद टायर घालून दिले होते. मूळ टायर १४५/७० आर १२. रुंद टायर जागेवर वळवायचा म्हणजे डांबराशी कुस्ती. पोरांना दिसायला रुबाब हवा, हात कुणाचे दुखतात ते बघायचं नाही. ते काढले, मूळ मापाचे घातले. उजव्या शॉकअपच्या वरचं माउंटिंग बेअरिंग गंजून जाम झालं होतं, ते बदललं. रॅकचं रबर फाटून आत माती गेली होती. रॅक उतरवून धुतला, ग्रीस भरलं. एवढ्याने स्टेअरिंग निम्मं हलकं झालं. दहातल्या सात गिऱ्हाइकांचं काम इथेच संपतं आणि मी त्यांना तिथेच थांबवतो.

बाईंचं संपलं नाही. पार्किंगमध्ये शेवटचा अर्धा आटा फिरवताना त्यांचा चेहरा बदलायचा. तोंडाने काही म्हणायच्या नाहीत.

मग युनिट आणलं. हायड्रॉलिकचा विचारही केला नाही. त्यात पंप, बेल्ट, तेलाचे पाइप आणि वेगळा रॅक, या इंजिनाला तो बोजा झेपणार नाही. इलेक्ट्रिकमध्ये मोटर कॉलमवरच बसते, रॅक जुनाच राहतो. पुण्याच्या भंगारवाल्याकडून अपघातात गेलेल्या अल्टोचा कॉलम मिळाला, मोटर, कंट्रोल युनिट आणि कपलरसकट वायरिंगचा गुच्छा. वायर कापलेली नसावी ही माझी पहिली अट. आतला टॉर्क सेन्सर म्हणजे त्या यंत्राची नस. ड्रायव्हरने किती जोर लावला ते तो मोजतो आणि कंट्रोल युनिटला सांगतो, मग ते मोटर फिरवतं. त्याच्या वायरी कुणी जोडल्या-तोडल्या असतील तर ते युनिट मी फुकटही घेत नाही.

खरी अडचण खालच्या टोकाला. अल्टोच्या क्रॉसचे दाते आठशेच्या पिनियनवर, म्हणजे रॅकमध्ये जाणाऱ्या दांड्यावर, बसतात का? मोजायला सोपी युक्ती आहे. घट्ट कणीक मळायची, क्रॉसच्या तोंडात दाबायची, वाळू द्यायची आणि बाहेर आलेल्या ठशावरचे दाते सुईने मोजायचे. बायकोने कणकेचा गोळा दिला आणि विचारलं, आता गाडीला पोळ्या घालणार का? दाते जुळले नाहीत. इथे पुष्कळ जण दोन्ही तुकडे कापून मध्ये वेल्डिंग मारतात. वरून पेंट दिला की नवीन दिसतं. सोलापुरात अशा दोन गाड्या मी माझ्या डोळ्यांनी पाहिल्यात, एकीचा टाका निम्मा सुटलेला. स्टेअरिंगच्या दांड्यावर वेल्डिंग करणाऱ्याला मी मेकॅनिक म्हणत नाही. मी वरचं तोंड अल्टोचं, खालचं आठशेचं आणि मधे दोन्ही घेणारा दांडा, असा जुळणारा संच शोधला. त्यात आठ दिवस गेले.

ब्रॅकेट आमच्या पूर्व भागातल्या लेथवाल्या अण्णांनी केलं. अण्णा मूळचे यंत्रमागाचे सुटे भाग करणारे. माग कमी झाले तशी कामंही कमी झाली, पण हात तोच. मी पुठ्ठ्याचं माप दिलं तर म्हणाले, "पुठ्ठं नको, गाडीच घेऊन ये बे." स्वतः पेडलखाली उताणे झोपून, तोंडात पेन्सिल धरून माप घेतलं. पाच मिलिमीटरच्या पत्र्यात असं ब्रॅकेट केलं की चारही बोल्ट बोटाने आत गेले.

पहिल्यांदा फिरवलं तेव्हा स्टेअरिंग जड-हलकं, जड-हलकं लागत होतं, एका फेऱ्यात दोनदा. दोन क्रॉस एकमेकांच्या ओळीत नसले की असं होतं. मी एक दाता चुकवला होता. पुन्हा खोललं, एक दाता फिरवून बसवलं. मग असं सारखं फिरलं की हेल्पर एका बोटाने फिरवत बसला, हाकलावं लागलं.

वायरिंगमध्ये युनिटला तीन गोष्टी कळाव्या लागतात: चावी चालू आहे, इंजिन फिरतंय आणि गाडीचा वेग किती. जुन्या आठशेत वेग तारेच्या केबलने मीटरला जातो, विजेचा सिग्नल नाहीच. तो दिला नाही तर काही युनिटं कामच करत नाहीत आणि काही सगळ्याच वेगाला पूर्ण ताकद देतात. ऐंशीच्या वेगाला एका बोटाने वळणारं स्टेअरिंग म्हणजे मरण. मीटरच्या मागे केबल फिरते तिथे मी चुंबकाचा सेन्सर बसवला. वेग वाढला की स्टेअरिंग हळूहळू घट्ट होतं, हे पुणे रस्त्याला स्वतः चालवून बघितलं. बॅटरीपासून जाड, स्वतंत्र प्लस वायर ओढली, मध्ये ३० अँपिअरचा हिरवा फ्यूज. चाकं जागेवर पूर्ण वळवताना करंट मोजणाऱ्या क्लॅम्प मीटरचा आकडा २८ अँपिअरपर्यंत जात होता.

आणि मायनस? कॉलमजवळच्या बॉडीच्या बोल्टला, रंग खरवडून, नवं वायसर घालून दिला. सगळे देतात तसा.

बाईंना विम्याच्या कंपनीला लेखी कळवायला लावलं. आरसीत इंजिन नंबर, चासी नंबर, रंग, इंधन असतं, स्टेअरिंगचा रकाना नसतो. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ आरसीतल्या नोंदींशी मेळ न बसणाऱ्या बदलांबद्दल बोलतं. पण रकाना नाही म्हणून जबाबदारी नाही असं मी धरत नाही. बाईंनी पत्र सुवाच्य अक्षरात लिहिलं, पोच घेतली. गाडी नेली त्या दिवशी एका हाताने यू टर्न घेऊन दाखवला आणि दुकानासमोर थांबून हसल्या. तीन महिने सगळं छान चाललं. मग तो पाऊस.

गाडी रात्रीच दुकानात आणली. सकाळी सहाला शटर उघडलं आणि चौकातला प्रसंग जागेवर उभा केला. इंजिन आयडलला, म्हणजे रेस न देता, हेडलाइट चालू, वायपर चालू, काच धुरकट होते म्हणून ब्लोअर चालू, पाय ब्रेकवर. मीटरच्या सुया युनिटच्या प्लस-मायनसला लावल्या आणि हेल्परला म्हटलं, वळव. बारा, अकरा, साडेदहा, ९.६ व्होल्ट. टक् असा रिलेचा आवाज आला. लाल दिवा. हेल्पर स्टेअरिंगला लटकला.

मग एक सुई बॅटरीच्या मायनसला आणि दुसरी युनिटच्या मायनसला. चांगल्या अर्थिंगमध्ये इथे पाव व्होल्टही दिसायला नको. १.९ दिसले. बॅटरीपासून बॉडीला येणारी अर्थिंगची पट्टी वरून ठीक होती. हाताने वाकवली तर आतून हिरवी भुकटी गळाली. सत्तावीस वर्षांची पट्टी. हेडलाइटचा, वायपरचा, माझ्या मोटरचा, सगळा करंट त्या चार जिवंत तारांतून परत जात होता. आयडलला अल्टरनेटर कमी वीज देतो, पावसात बाकीचा भार वाढतो, त्यात हे. युनिटने आपला नियम पाळला: व्होल्टेज पडलं, बंद हो. प्लसचे मी लाड केले आणि मायनस जुन्या भरवशावर सोडला. पट्टीची किंमत दीडशे रुपये.

पट्टी बदलली, युनिटला बॅटरीपर्यंत स्वतंत्र मायनस ओढला, अल्टरनेटरचे ब्रश आणि बेल्ट नवे घातले. आकडा साडेअकराच्या खाली उतरेना. दोष सापडला, दुरुस्त झाला. इथे समाधान व्हायला हवं होतं.

झालं नाही, कारण मला दुसरंच खात होतं. पॉवर बंद असताना हे स्टेअरिंग मूळच्या आठशेपेक्षा जड लागतं. आतला वर्म, म्हणजे मोटरचा जोर दांड्याला देणारा आट्यांचा गियर, आणि मोटर आपल्यालाच फिरवाव्या लागतात. हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मी फ्यूज काढून फिरवूनही बघितलं होतं आणि "चालतंय" म्हटलं होतं. पण ते माझ्या हातांनी. बावीस वर्षं पाना फिरवलेले हात. जड म्हणजे काय ते या हातांना कळतच नाही. ज्या माणसाला पॉवरची सगळ्यात जास्त गरज, तोच ती गेल्यावर सगळ्यात उघडा पडतो, आणि मी बाईंना त्याबद्दल एक शब्द बोललो नव्हतो. लाल दिवा दाखवला होता फक्त. वळणात दिव्याकडे कोण बघतं?

रविवारी सकाळी बाईंना अक्कलकोट रोड एमआयडीसीत नेलं. टॉवेलचे कारखाने बंद, रस्ते मोकळे. मी म्हटलं, "बाई, युनिट काढून टाकतो. पैसे परत देतो." त्या काही बोलल्या नाहीत. मग मी हिरवा फ्यूज काढून खिशात टाकला आणि म्हटलं, "आता चालवून बघा."

जागेवर स्टेअरिंग त्यांच्याने हललंच नाही. गाडी सरकती ठेवल्यावर हललं. पहिलं वळण फार मोठं गेलं. दुसऱ्याला त्यांनी आधीच वेग कमी केला आणि डावा हात खाली धरून अंगाने ओढलं. मी शेजारी बसून हँडब्रेकवर हात ठेवला होता. तिसऱ्या वळणाला मी मुद्दाम फ्यूज पुन्हा लावला, चौथ्याला न सांगता काढला. गाडी अर्धा हात बाहेर गेली आणि त्यांनी ती परत आणली. असे दहा-बारा फेरे झाले. शेवटी गाडी कडेला घेतली, खांदा चोळत म्हणाल्या, "हे पहिल्या दिवशी का नाही करून घेतलंस?"

मला उत्तर देता आलं नाही. अजून नाही.

युनिट काढू नको म्हणाल्या. दर सहा महिन्यांनी अर्थिंगचे व्होल्ट मोजून वहीत लिहायचे आणि वही गाडीत ठेवायची, अशी अट मात्र घातली. पहिली नोंद माझ्याकडून त्यांनी त्यांच्यासमोर लिहून घेतली, तारीख आणि सहीसकट: ०.१ व्होल्ट. लाल दिव्याबरोबर आता बझर वाजतो. पावसाळी संध्याकाळी त्या शक्यतो रिक्षाने जातात, हे मला गाडेवाल्याकडून कळलं.

परवा एक जण २००४ची आठशे घेऊन आला, पॉवर बसवून द्या म्हणाला. विचारलं, चालवणार कोण? म्हणाला, वडील, वय ७४, गुडघे आणि मनगटं दुखतात. म्हटलं, आधी त्यांना घेऊन या, एमआयडीसीत जाऊ. त्याला ते पटलं नसावं. अजून आलेला नाही.