काळ्या टी-शर्टवर पेन्सिलचं चित्र छापायचंय?

दहीहंडी जवळ आली की ठाण्यातल्या गोविंदा पथकांचे टी-शर्ट छपाईला येऊ लागतात. नाव आणि लोगो असेल तर प्रश्नच नाही. पण पेन्सिलने काढलेला मनोरा, तोही काळ्या कापडावर, असं काम आलं की गडबड सुरू होते. चित्र एकरंगी, म्हणजे स्क्रीनही (जिच्यातून शाई कापडावर उतरते ती चौकटीला ताणलेली जाळी) एकच, असं गृहीत धरलं जातं. शिवाय डीटीपीवाला चित्र जसंच्या तसं फिल्मवर (जिच्यावरून स्क्रीन बनते त्या पारदर्शक शीटवर) काढून देतो. ते पांढऱ्या शाईत छापलं की सावल्या पांढऱ्या, चेहरे काळे, सगळं पथक एक्स-रेमधून बघितल्यासारखं.

काळ्या शर्टवर काळा रंग कापडच देतं. आपण छापतो तो फक्त उजेड. त्यामुळे फिल्म हातात घेतल्यावर ती निगेटिव्ह दिसली पाहिजे.

चित्र प्रिंटच्या मापाला, ३०० डीपीआयवर, ग्रेस्केलमध्ये स्कॅन करा. व्हॉट्सअ‍ॅपवरचा फोटो घेऊच नका. फोटोशॉपच्या लेव्हल्समध्ये कागदाचा मळकटपणा काढा, पण मनोऱ्याभोवतीचा कोरा कागद पूर्ण काळा करून टाकायला विसरू नका; नाहीतर छातीवर पांढरा चौकोन उमटेल. हे मास्किंग हातानेच करावं. ऑटो सिलेक्शन नेमकं केसांपाशी आणि बोटांपाशी दगा देतं.

आता छटांची वाटणी. छपाईत छटा लहान-मोठ्या ठिपक्यांनी, म्हणजे डॉटने, दाखवतात. नुसत्या पांढऱ्या डॉटवर भागवलं तर मधल्या छटा रवाळ दिसतात, म्हणून तीन स्क्रीन: बेस व्हाइट (सगळ्यात खालचा पांढरा थर), मधला ग्रे आणि हायलाइट व्हाइट. मूळ चित्रात ० म्हणजे पांढरं आणि १०० म्हणजे काळं धरा. ग्रे चॅनलच्या तीन प्रती करून इन्व्हर्ट करा आणि प्रत्येकीला वेगळा कर्व्ह (कुठल्या छटेला किती शाई, याचा आलेख) द्या. बेसमध्ये ८५ च्या पुढे काहीच नको, आणि मधल्या छटा बऱ्याच खाली ओढायच्या, कारण बेसचा डॉट वरच्या शाईच्या बाहेर डोकावला की कडा पांढुरक्या होतात. ग्रे साधारण ३० ते ८५ मध्ये, ५५ च्या आसपास सगळ्यात दाट. हायलाइट फक्त ० ते ४०. हद्दी एकमेकींवर दहा टक्के तरी चढल्या पाहिजेत. काटेकोर कापल्या तर गालावर पट्टा दिसतो. ग्रे शाई पांढऱ्यात काळी थेंबाथेंबाने घालून बनवा. काळी फार जोरकस असते.

तिन्ही प्रती स्पॉट चॅनल (एका शाईचा स्वतंत्र चॅनल) करा, सॉलिडिटी (ती शाई किती अपारदर्शक दिसावी) वाढवा आणि मूळ ग्रे चॅनल पूर्ण काळा भरा. तोच तुमचा शर्ट. आता मॉनिटरवर जे दिसतं ते बऱ्यापैकी खरं असतं.

हाफटोनसाठी, म्हणजे छटांचे डॉट पाडण्यासाठी, प्रत्येक चॅनल वेगळ्या फाइलमध्ये नेऊन बिटमॅप करा: ४५ लाइन (इंचाला ४५ डॉट), तिन्हींना २२.५ अंश, डॉट एलिप्स, आउटपुट ७२० डीपीआय किंवा त्याहून जास्त. ७२० ला ४५ ने भागलं की १६, म्हणजे एका डॉटच्या घरात १६ गुणिले १६ पिक्सेल. २५६ छटांना तेवढे पुरतात. मेश (जाळीच्या धाग्यांची दाटी) लाइनच्या साडेचार ते पाच पट लागते, म्हणजे इंचाला २०० ते २२५ धागे: दुकानात ७७टी किंवा ९०टी (सेंटिमीटरला तेवढे धागे) मागा. नावं छापायची ४३टी इथे चालत नाही. एका डॉटच्या वाट्याला जेमतेम अडीच धागे येतात आणि चित्रभर मॉयरेच्या (जाळी आणि डॉट एकमेकांत अडकून दिसणाऱ्या) लाटा पसरतात.

मनोऱ्याच्या चित्राची एक खास अडचण आहे. ४५ लाइनला एका सेंटिमीटरमध्ये जेमतेम १८ डॉट बसतात. वरच्या थरातल्या पोराचं डोकं सेंटिमीटरभर असेल तर डोळे, नाक, तोंड सगळं त्या अठरात. ते वाचत नाही. तेवढे चेहरे हाफटोनमधून वगळून सॉलिड रेषेत काढून घ्या. चित्रकार कुरकुरेल, कुरकुरू द्या.

डॉट छपाईत फुगतो. ५० टक्क्यांचा डॉट कापडावर सहज ६५-७० होतो, म्हणून फिल्म काढण्याआधीच कर्व्हमध्ये ५० ला ३५ च्या आसपास आणा. पाचच्या खालचे डॉट बहुधा स्क्रीनवर टिकत नाहीत, नव्वदच्या पुढचे भरून येतात. फिल्मऐवजी ट्रेसिंगवर लेझर प्रिंट काढत असाल तर कोरे कागद आधी एकदा प्रिंटरमधून फिरवून घ्या. उष्णतेने ते आक्रसतात आणि तीन स्क्रीनचं रजिस्ट्रेशन, म्हणजे एकावर एक नेमकं बसणं, जुळत नाही.

श्रावणातली दमट हवा इमल्शनला (स्क्रीनवरच्या, प्रकाशाने घट्ट होणाऱ्या लेपाला) भोवते. वरून कोरडं लागतं, आत ओल असते. फिल्म लावून एक्स्पोझ करून (प्रकाश देऊन) धुतलं की आधी बारीक डॉट वाहून जातात. बंद खोलीत डिह्युमिडिफायर किंवा एसी लावून वाळवा आणि मगच एक्स्पोझ करा. उलट एक्स्पोझर जास्त झालं तर तेच डॉट बुजतात.

छापताना क्रम बेस, फ्लॅश (गरम करून थर अर्धवट सुकवणं), ग्रे, हायलाइट. शाई ओढायचा रबर ७० ड्युरोमीटरचा (हे कडकपणाचं माप), स्क्रीन कापडापासून दोन-तीन मिलीमीटर वर. फ्लॅश शाई बोटाला चिकटेनाशी होईपर्यंतच. टेबल तापलं तर पुढच्या स्क्रीनमध्ये शाई जाळीतच घट्ट होते. शेवटी क्युअरिंग (उष्णतेने शाई पक्की करणं) सुमारे १६० अंश सेल्सिअसला.

हे सगळं सुती शर्टचं. पथकांना हल्ली ड्राय-फिट आवडतो, आणि मरून पॉलिएस्टरवर त्या तापमानाला कापडाचा रंग उडून शाईत चढतो. ग्रे आणि पांढरा दोन्ही गुलाबी. तिथे लो-ब्लीड (कापडाचा रंग सहसा न चढणारी), कमी तापमानाला क्युअर होणारी शाई घ्या आणि एक छापलेला शर्ट दोन-तीन दिवस ठेवून बघा, कारण गुलाबीपणा मशीनवरून उतरताना नाही, नंतर येतो.