एका क्रियापदाची संध्याकाळ

आज भाचीचा इंग्रजीचा अभ्यास घेताना ‘वेअर’ या एकाच क्रियापदावर आमचा तासभर गेला. चप्पल पायात सरकवता सरकवता ती ‘आय ॲम वेअरिंग’ म्हणाली, तेव्हा मी तिला समजावले की घालण्याच्या क्रियेला ‘पुट ऑन’ म्हणतात आणि घातलेले असण्याच्या स्थितीला ‘वेअर’. घालण्याच्याच अर्थाचा, ‘डू ऑन’पासून बनलेला ‘डॉन’ हा शब्द बहुधा लिखाणातच भेटतो. त्यावर तिने विचारले, आजी लुगडे नेसते, गजरा माळते, बांगड्या भरते, मग इंग्रजीला एकच शब्द कसा पुरतो? (या प्रश्नाने मी मनापासून सुखावले.) वापरून वापरून वस्तू झिजते, त्या झिजण्यालाही ‘वेअर’च म्हणतात हे सांगितल्यावर ती चप्पल उलटी करून झिजलेली टाच बराच वेळ न्याहाळत बसली.