चिपाडातला रस

रसवंतीवाला उसाचे कांडे चरकातून एकदा काढून थांबत नाही. चिपाड दुमडून, मध्ये आल्याचा तुकडा घालून तो ते पुन्हा सारतो आणि दर वेळी थोडा तरी रस निघतोच. ग्राफिक्स कार्ड, म्हणजे संगणकात पडद्यावरची चित्रे रेखणारा भाग, ओव्हरक्लॉक करणारा, म्हणजे ठरवून दिलेल्या वेगापेक्षा जास्त पळवणारा माणूस मला याच जातकुळीचा वाटतो. सगळ्या चिप सारख्या उतरत नाहीत, म्हणून त्यांतल्या कमकुवत चिपलाही पेलेल असा वेग कंपनी ठरवून देते आणि उरलेल्यांच्या अंगात काही रस शिल्लक राहतो.

तो काढणाऱ्या चरकांपैकी सर्वांत गाजला तो रिवाट्यूनर हा प्रोग्राम. अलेक्सी निकोलायचुक या रशियन प्रोग्रामरने तो लिहिला आणि एनव्हिडियाच्या रिवा चिपवरून त्याला नाव पडले. त्या काळातली लॉटरी म्हणजे 2002 सालचे एटीआय कंपनीचे रेडिऑन 9500 हे कार्ड. त्यातली चिप महागड्या 9700 चीच होती, फक्त चित्र रेखणाऱ्या आठपैकी चार पाइपलाइन बंद केलेल्या. ड्रायव्हरमध्ये, म्हणजे कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, फेरफार करून त्या उघडता येत. नशीब असेल तर स्वस्तात वरचे कार्ड हाती येई, नसेल तर पडद्यावर बुद्धिबळाच्या पटासारखे चौकोन उमटत आणि पाइपलाइन का बंद केल्या होत्या, ते कळे.

माझी स्वतःची मजल एटीआयटूल या अशाच दुसऱ्या प्रोग्रामपर्यंत होती. त्यात एक केसाळ ठोकळा पडद्यावर गरगर फिरे आणि त्याच्या चित्रात चूक सापडेपर्यंत वेग वाढवत नेता येई. मी रात्री पाच-पाच मेगाहर्ट्झ चढवत बसे. पंख्याचा आवाज चढे, ठोकळ्यावर चुकार ठिपके चमकत, मी एक पायरी उतरे आणि पुन्हा तोच मोह होई. खेळ खेळायचा राहूनच जाई, हे मात्र खरे.

पुढे निकोलायचुक यांचेच काम एमएसआय आफ्टरबर्नर या ओव्हरक्लॉकिंगच्या सॉफ्टवेअरच्या रूपाने घरोघरी पोहोचले. पण 2012 साली एनव्हिडियाच्या जीटीएक्स 680 या कार्डाबरोबर जीपीयू बूस्ट नावाची सोय आली आणि तापमान व वीज पाहून कार्ड आपला वेग आपणच वाढवू लागले. चिपाड आता कारखान्यातच दोनदा पिळून येते. आपल्या हाती उरते ते फारच थोडे.

म्हणूनच की काय, हल्ली मी तेच सॉफ्टवेअर उलट्या कामासाठी उघडतो. व्होल्टेज आणि वेग यांच्या आलेखावरचा एक बिंदू पकडून त्याच वेगासाठी कमी व्होल्टेज मागतो. विजेचा खर्च व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात उतरत असल्याने एवढ्याशा कपातीनेही उष्णता बरीच घटते. मे महिन्यात पुण्यातल्या पश्चिमेकडच्या खोलीत बसणाऱ्याला याचे मोल वेगळे सांगायला नको. पंखा आता इतका हळू फिरतो की, शेजारच्यांच्या कुकरची शिट्टी ऐकू येते.