'जायलो' म्हणजे 'वेंट' नाही

दहावीच्या पूर्वपरीक्षेचे पेपर तपासताना एका वाक्यावर थांबलो : 'आय वेंट टू स्कूल नाऊ'. 'नाऊ'च्या शेजारी 'वेंट'. लिहिणाऱ्या मुलाला काळांचे तक्ते तोंडपाठ होते. दुसऱ्या दिवशी वर्गात विचारलं, "तुला मराठीत काय म्हणायचं होतं रे?"

"सर, मी आत्ता शाळंत जायलो."

चूक कुठून आली ते तिथेच कळलं. आमच्या अंबाजोगाईकडे 'जातोय'ला 'जायलो' म्हणतात. शेवटी 'लो' आहे, म्हणून ते 'गेलो', 'आलो'च्या रांगेतलं वाटतं आणि मूल भूतकाळ लावून मोकळं होतं. क्रिया तर चालू आहे, म्हणून 'आयॅम गोइंग'. फळ्यावर 'काल' लिहून म्हटलं, आता जोडून बघा. 'काल जायलो' कुणीच म्हणेना. 'काल जायलो होतो' मात्र सगळ्यांच्या तोंडी आलं. त्याचं इंग्रजी 'वॉज गोइंग'. बोलीतच तपासणी होती, ती आम्ही कधी वापरली नव्हती. आईच्या हाकेला दिलेलं 'आलो, आलो' तसंच : पोरगं अजून उठलेलंही नसतं, म्हणून 'आयॅम कमिंग'.

मग 'परवा' घेतला. 'परवा आलो', 'परवा येईन' : मागचा परवा की पुढचा, ते क्रियापद सांगतं. म्हणून वेळेच्या शब्दाकडे आधी बघायची सवयच मुलांना नसते. इंग्रजीत 'यस्टरडे' मागचाच आणि 'टुमॉरो' पुढचाच. त्या दिवसापासून नियम केला : आधी वेळेचा शब्द अधोरेखित करायचा, मग क्रियापद लिहायचं.

सगळ्यात जास्त वेळ 'मी कालच फॉर्म भरला आहे' या वाक्याने घेतला. मराठीत ते बिनचूक आहे. 'आय हॅव फिल्ड इन द फॉर्म यस्टरडे' मात्र चालत नाही, कारण 'हॅव' आजशी बांधलेलं आणि 'यस्टरडे' संपलेला. एकतर 'यस्टरडे' काढा, नाहीतर 'हॅव' काढून नुसतं 'फिल्ड' ठेवा. 'टुडे' चालतो, दिवस अजून संपलेला नाही.

तास संपता संपता 'दहा वर्षांपासून लातुरात राहतो' आलं. यात चुका दोन होतात. 'पासून' पाहून 'सिन्स टेन इयर्स' लिहितात आणि 'राहतो' पाहून 'लिव्ह'. 'सिन्स'पुढे सुरुवात येते, जसं 'सिन्स 2015', मुदतीला 'फॉर'. म्हणून 'आय हॅव बीन लिव्हिंग इन लातूर फॉर टेन इयर्स'.