तुम्ही विचारलंत म्हणून: जुन्या इंग्रजी म्हणींचा नाद

“आपल्याकडे म्हणींचा एवढा साठा असताना चारशे-आठशे वर्षांपूर्वीच्या इंग्रजी म्हणी कशाला वाचत बसता?” घरचे विचारतात, वर्गातली मुलं विचारतात. परवा लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेल्या बाईंनीही विचारलं. तेव्हा तोंडात घास होता. आता नीट सांगते.

शहाणपण मिळावं म्हणून मी त्या वाचत नाही. म्हणीपाशी तयार शहाणपण नसतंच. जॉन हेवूड या इंग्रज लेखकानं १५४६ साली त्या काळच्या इंग्रजी म्हणी एका लांबलचक पद्यसंवादात गुंफल्या. एका तरुणासमोर दोन स्थळं आहेत: एक गरीब तरुण मुलगी आणि एक श्रीमंत, वयस्कर विधवा. कोणाशी लग्न करावं, हा त्याचा प्रश्न. ‘ऊन आहे तोवर गवत वाळवून घ्या’, ‘भरती कुणासाठी थांबत नाही’ या म्हणी त्यात आहेत आणि ‘हेस्ट मेकथ वेस्ट’, म्हणजे घाईनं नासाडी, हीसुद्धा त्यातच आहे. घाई करणाऱ्यालाही म्हण सापडते आणि थांबणाऱ्यालाही. आपल्याकडचे वाद तरी कुठे वेगळे असतात?

मी वाचते ती बोलणाऱ्या माणसासाठी. इंग्लंडमधल्या डरहॅमच्या कॅथीड्रलमध्ये अकराव्या शतकातलं एक हस्तलिखित आहे, त्यात ४६ म्हणी लॅटिन आणि जुन्या इंग्रजीत लिहिलेल्या आहेत. त्यातली एक अशी: ‘आता सगळं डुकराच्या मर्जीवर, असं रानडुकराच्या पाठीवर बसलेला शेतकरी म्हणाला.’ हजार वर्षं झाली, तो शेतकरी अजून त्या पाठीवर घट्ट धरून बसलाय.

पुढे वापरून वापरून म्हणी गुळगुळीत होतात, कधी अर्थच बदलतो. ‘नसत्या चौकशीनं मांजर मेलं’ ही इंग्रजी म्हण मुलांना गप्प करायला वापरतात. पण बेन जॉन्सनच्या १५९८ च्या नाटकात मांजराला मारते ती ‘केअर’, म्हणजे काळजी, मनाला लागलेली चिंता. प्रश्न विचारणाऱ्या लेकरावर ती म्हण उगारणं मला आजही सहन होत नाही.

पण माझा जीव जडला तो घोड्याच्या म्हणीवर. आई गेल्यावर बाबांचं जेवण तुटलं. मी मऊ भात, ताक घेऊन तास तास बसायची. ते भिंतीकडे बघत राहायचे. भेटायला आलेले एक नातेवाईक मला म्हणाले, “घोड्याला पाण्यापर्यंत नेता येतं, पाणी पाजता येत नाही. तू तुझं केलंस.” माझी समजूत घालायलाच ते बोलले होते, पण मला वाटलं, माझ्यासमोर कुणीतरी दार लावून घेतलं.

त्याच महिन्यात या म्हणीचं सर्वांत जुनं रूप वाचायला मिळालं. साधारण ११७५ च्या सुमाराचं, एका धर्मप्रवचनातलं. तिथे ते विधान नाहीच, तो प्रश्न आहे: जो घोडा आपणहून पिणार नाही, त्याला पाणी पाजू शकेल असा कोण आहे? मी ते वाक्य कितीदा वाचलं असेन. प्रवचनकाराच्या मनात काय होतं, ते त्याचं त्याला ठाऊक. मला मात्र त्या प्रश्नात बादली हातात धरून उभा असलेला माणूस दिसला. त्यानं हात झटकले नव्हते. थकला होता, कुणी आहे का म्हणून आजूबाजूला बघत होता, पण बादली खाली ठेवली नव्हती. साडेआठशे वर्षांपूर्वी, माझ्यासारखाच.

त्या संध्याकाळी मी भात पुन्हा गरम केला. बाबांनी दोन घास घेतले, तिसऱ्याला मान हलवली. मी वाटीवर ताटली झाकली आणि ती त्यांच्या उशाशीच ठेवली.