फणसाखालचा टिपर आणि फोनवाल्यांची भांडणं

परवा दुकानात एक पोरगा फुटलेली स्क्रीन घेऊन आला. कॉम्बो (म्हणजे काच आणि डिस्प्ले एकत्र) बदलला आणि चेक करताना सवयीने सेटिंगची लिस्ट तळापर्यंत ओढली. लिस्ट संपली तरी अंगठा ओढत राहिला की थोडी रिकामी जागा दिसते आणि सोडलं की सगळं टुणकन जागेवर येऊन बसतं ना, ते बघायचं असतं, टच कुठे अडकत असेल तर त्यात लगेच कळतं. दिवसातून पन्नास वेळा करतो मी हे. त्याला म्हटलं, अरे या एवढ्याशा उसळीवरून ॲपल आणि सॅमसंग जगभर कोर्टात भांडल्यात माहितीये? तर म्हणतो, "काका, चार्जिंग पिन पण बघा ना जरा." काका! चाळीशी अजून लांब आहे माझी.

पण खरंच भांडल्या. आणि मला ते सगळं आठवतं कारण तेव्हा आमच्या घरी दुसरं काही करायलाच नव्हतं.

आमचं घर गोव्यात, डिचोलीजवळ. बाबांचा टिपर होता, २०१० साली कर्ज काढून घेतलेला, खाणीवरून लोहखनिज भरायचा आणि आमोण्याच्या जेटीवर नेऊन ओतायचा. २०१२ च्या सप्टेंबरात, चतुर्थी नऊ दिवसांवर आलेली, सरकारने खाणी बंद केल्या. तशा पावसात ट्रिपा नसतातच, त्यामुळे पहिले काही दिवस कोणाला काही वाटलं नाही, सगळे म्हणायचे दसऱ्यापर्यंत सुरू होईल. ऑक्टोबरात सुप्रीम कोर्टाचा स्टे आला आणि मग टिपर फणसाखाली जो उभा राहिला तो राहिलाच. बॅटरी बसली, मग टायर बसले. पुढच्या उन्हाळ्यात आईने सरळ हौद्यात चादर पसरून सोलां (आमसुलं) वाळत घातली. बाबा काही बोलले नाहीत, पण त्या बाजूला जायचे बंद झाले. हप्ता मात्र महिन्याच्या पाच तारखेला चालूच.

खाणी बंद व्हायच्या जरा आधी, २४ ऑगस्टला, ॲपल आणि सॅमसंगचा अमेरिकेतला निकाल आलेला. मी तेव्हा मोबाईल रिपेअरिंग शिकत होतो म्हणून वाचत बसलो आणि वाचता वाचता डोकं चक्रावलं. कारण त्या एकाच दिवसात दोन निकाल होते. आधी सोलच्या कोर्टाने सांगितलं की दोघांनीही एकमेकांचं घेतलंय, सॅमसंगने ॲपलची ती उसळी घेतली, ॲपलने सॅमसंगची नेटवर्कची दोन पेटंटं घेतली, तर सॅमसंगने अडीच कोटी वॉन द्यावेत आणि ॲपलने चार कोटी वॉन. ऐकायला कोटी वाटतं पण दोन्ही रकमा मिळून तेव्हाचे आपले तीस-बत्तीस लाख रुपये. आणि मग काही तासांनी कॅलिफोर्नियात सॅन होजेच्या ज्युरीने सॅमसंगला सांगितलं १ अब्ज ५ कोटी डॉलर भरा. भांडण तेच, फोन साधारण तेच. एका आठवड्याने टोकियोच्या कोर्टाने एका पेटंटात सॅमसंगच्या बाजूने निकाल दिला. लंडनमध्ये तर त्याच वर्षी जज म्हणाले की सॅमसंगचा टॅब ॲपलइतका भारी दिसतच नाही, त्यामुळे कॉपी केली म्हणता येणार नाही. म्हणजे सॅमसंग जिंकली, पण माल दिसायला कमी आहे म्हणून जिंकली 😄 आणि वर ॲपलला सांगितलं की यांनी कॉपी केलेली नाही असं स्वतःच्या वेबसाइटवर छापा. ॲपलने छापलं, पण खाली इतर देशांत आम्ही कसे जिंकलो तेही जोडलं, तर कोर्टाने झापलं आणि परत लिहायला लावलं. आमच्या शाळेत भांडलेल्या पोरांना फळ्यावर माफी लिहायला लावायचे अगदी तसं.

गंमत म्हणजे हे सगळं चालू असताना आयफोनच्या आतली मेन चिप सॅमसंगच बनवून देत होती. आपल्याकडे भाटकार (जमीनमालक) आणि मुंडकार (त्याच्या जमिनीत घर करून राहणारा) यांची केस मामलतदाराकडे वीस-वीस वर्षं चालते आणि तरी नारळ उतरवायची वेळ आली की मुंडकारालाच हाक मारतात, त्यातला प्रकार.

तर त्या दिवसांत मी बाबांना रोज काहीतरी वाचून दाखवायचो, घरात तेवढाच विषय बदलायचा. एक अब्ज डॉलर ऐकून ते काही हलले नाहीत. म्हणाले, "पैसे जाऊ दे रे, माल अडवला की नाही ते सांग." मला तेव्हा वाटलं स्वतःचंच दुःख सगळीकडे बघतायत. नंतर कळलं की नेमका मुद्दा त्यांनीच पकडला होता.

कारण या कंपन्यांना दंडाचं एवढं काही नसतं. केस वर्षानुवर्षं चालते, अपिलात रक्कम कमी होते, वकील जगतात. पण फोनचं आयुष्य केवढं? एक सीझन, फार तर दोन. त्या सीझनात जर कोर्टाने विकायचं नाही म्हणून सांगितलं तर पुढे केस जिंकूनही काय उपयोग, तोपर्यंत नवीन मॉडेल आलेलं असतं. म्हणून हे लोक केस टाकतात कुठे, तर जिथे माल लवकर अडतो तिथे. जर्मनी त्यासाठीच प्रसिद्ध. तिथे पेटंट मोडलं की नाही ते मानहाइम, म्युनिक, ड्युसेलडॉर्फ अशा ठिकाणची कोर्टं बघतात, आणि मुळात ते पेटंट खरं की खोटं ते बघायचं कोर्ट वेगळं, आणि ते जास्त वेळ घेतं. म्हणजे आधी दुकान बंद करा, तुमचं चुकलं की नाही ते मागाहून सांगतो! २०११ मध्ये बर्लिनच्या मोठ्या प्रदर्शनात सॅमसंगने नवीन टॅब मांडलेला, ड्युसेलडॉर्फच्या कोर्टाचा हुकूम आला आणि चालू प्रदर्शनातून तो उचलावा लागला. चर्चच्या फेस्ताच्या जत्रेत पराती मांडून खाजं विकायला बसलेल्याला येऊन कोणी सांगावं, गुंडाळ. आणि हे जुनंच आहे असं नाही, २०२२ मध्ये नोकियाने जर्मनीतच ओप्पोविरुद्ध हुकूम मिळवला तर ओप्पो आणि वनप्लसने तिथे फोन विकणंच थांबवलं, ते २०२४ च्या जानेवारीत तडजोड झाली तेव्हा सुटलं.

अमेरिकेत अजून एक दरवाजा आहे, बाहेरून येणारा माल अडवू शकणारं एक सरकारी कमिशन (आयोग). २०१३ च्या जूनमध्ये त्यांनी सॅमसंगच्या तक्रारीवरून जुने आयफोन आणि आयपॅड आणायला बंदी घातली, आयफोन ४ वगैरे. तिथे ६० दिवस असतात, त्यात राष्ट्राध्यक्षांच्या सरकारला बंदी उठवता येते. ३ ऑगस्टला ओबामा सरकारने उठवली, १९८७ नंतर पहिल्यांदाच. मग त्याच ऑगस्टात ॲपलच्या तक्रारीवरून सॅमसंगच्या जुन्या फोनवर तशीच बंदी आली, तर ती मात्र ऑक्टोबरात तशीच ठेवली. कारणं दिली होती म्हणा, सॅमसंगचं ते नेटवर्कचं पेटंट वेगळ्या जातीचं होतं, सगळ्यांनी वापरलंच पाहिजे असं, आणि त्यात थोडं तथ्यही आहे. पण आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, हे काय आपल्यालाच कळतं असं नाही. इकडे २०१८ मध्ये खाणी परत बंद झाल्या तेव्हा आमचे लोक वटहुकूम काढा म्हणून पणजीला जाऊन बसले होते. आमच्यासाठी कोणी ६० दिवस मोजले नाहीत. (कोणी म्हणेल खाणवाल्यांनी डोंगर खाल्ले, बरं झालं बंद केलं. खाल्लेच. पण हप्ता डोंगर भरत नव्हता.)

हां, तर ती वेगळी जात. फोन टॉवरशी बोलतो ते कुठल्या पद्धतीने बोलायचं ते सगळ्या कंपन्यांनी मिळून ठरवलेलं असतं, टूजी, थ्रीजी, फोरजी. त्या पद्धतीत ज्यांची पेटंटं अडकलीयत, म्हणजे एरिक्सन, नोकिया वगैरे, त्यांनी आधीच कबूल केलेलं असतं की आम्ही वाजवी दरात सगळ्यांना वापरायला देऊ. आता वाजवी म्हणजे किती? इथून पुढे सगळी मारामारी.

हे माझ्या दुकानापर्यंत आलं डिसेंबर २०१४ ला. दुकान नवीनच होतं, बसस्टँडजवळ, टेबल, हीट गन आणि मी. तेव्हा शाओमीचे फोन ऑनलाइन सेलला यायचे आणि दोन मिनिटांत संपायचे, आणि ज्यांना नेटवरून घ्यायला जमायचं नाही ते माझ्याकडे येऊन बसायचे, तू क्लिक कर म्हणून. ८ डिसेंबरला दिल्ली हायकोर्टाने एरिक्सनच्या केसमध्ये शाओमीला भारतात विकायला आणि आणायला मनाई केली. गिऱ्हाइकं मलाच विचारायची, काय झालं, चायनाचा म्हणून बंद केला काय? आठवड्याभराने दोन जजांच्या बेंचने थोडं सैल केलं: ज्या फोनात क्वालकॉमची चिप आहे ते विका, पण प्रत्येक फोनमागे १०० रुपये कोर्टात जमा करा. मीडियाटेकची चिप असेल तर नाही. आता बघा, रेडमी वन एस मध्ये क्वालकॉम आणि थ्रीजीवाल्या रेडमी नोटमध्ये मीडियाटेक. एकाच कंपनीचे दोन फोन, एक चालू, एक बंद. मी दोन्ही उघडलेत. बोर्डावर पत्र्याच्या झाकणाखाली नखाएवढा काळा तुकडा, वरची अक्षरं वाचायला भिंग लागतं, आणि त्या अक्षरांवरून ठरणार की फोन विकायचा की नाही. क्वालकॉमचा एरिक्सनशी आधीच करार होता असं शाओमीचं म्हणणं होतं, म्हणून ती सूट. हे मी गिऱ्हाइकाला कसं सांगणार? मी आपलं सांगायचो, "स्टे आहे." डिचोलीत स्टे म्हटलं की पुढे कोणी विचारत नाही.

आणि त्या वाजवी दराचा टक्का कशावर लावायचा हे तर त्याहून मजेशीर. समजा हॉटेलात फिश करी राइसची थाळी २५० ला आहे. सोलां पुरवणारी बाई म्हणाली, मला सोलांचे पैसे नकोत, थाळीच्या किमतीवर टक्का द्या, कारण सोलांशिवाय तुमची करी होतच नाही. हॉटेलवाला म्हणणार अगे बाय, तुझी सोलां चार, थाळीत बांगडा आहे, तांदूळ आहे, पंख्याचं बिल आहे. आणि उद्या बांगड्याच्या जागी इस्वण (सुरमई) आलं तर तुझा वाटा का वाढावा, सोलां तेवढीच ना? फोन कंपन्या अगदी हेच म्हणतात, टक्का त्या चिपच्या किमतीवर लावा, अख्ख्या फोनवर नको, कॅमेरा काय एरिक्सनने केलाय? पेटंटवाले म्हणतात नेटवर्क नसेल तर तुमचा फोन म्हणजे नुसता आरसा. आपल्याकडे एरिक्सन आणि लावाची केस बरीच वर्षं चालली आणि मार्च २०२४ मध्ये दिल्ली हायकोर्टाने लावाला २४४ कोटी रुपये भरायला सांगितले, दर धरला फोनच्या विक्री किमतीच्या १.०५ टक्के. म्हणजे दहा हजाराच्या फोनमागे १०५ रुपये. सोलांवाली जिंकली. मी मनातल्या मनात हॉटेलवाल्याच्या बाजूने होतो, पण आईला विचारलं तर ती लगेच म्हणाली, "बरोबर केलं. सोलां नाहीत तर करी कसली?" तिने टिपरच्या हौद्यात वाळवलेली आहेत, ती तसंच म्हणणार.

अमेरिकेत हाच वाद ॲपल-सॅमसंगमध्ये डिझाइनवरून झाला. गोल कोपरे आणि पुढचा सपाट काळा चेहरा कॉपी केला, तर अख्ख्या फोनचा नफा द्यायचा की नुसत्या त्या चेहऱ्याचा? २०१६ च्या डिसेंबरात तिथलं सुप्रीम कोर्ट एकमताने म्हणालं की वस्तू म्हणजे पूर्ण फोनच असं नाही, त्याचा एखादा भाग पण असू शकतो. मला विचारलं असतं तर मी आधीच सांगितलं असतं, माझ्या ड्रॉवरमध्ये काच वेगळी, कॉम्बो वेगळा, मागचं कव्हर वेगळं, प्रत्येकाचा भाव वेगळा. पण परत ज्युरी बसली मे २०१८ मध्ये आणि तरीही ५३.९ कोटी डॉलर द्यायला सांगितले.

वुहान आणि दिल्लीचं तर मी नीट सांगत पण नाही कारण त्यात माझंच डोकं दुखतं. थोडक्यात, इंटरडिजिटल नावाच्या अमेरिकन कंपनीने शाओमीवर दिल्लीत केस टाकली तर २०२० मध्ये वुहानच्या कोर्टाने तिला सांगितलं की दिल्लीची केस थांबव, नाहीतर रोज दहा लाख युआन दंड. दिल्ली हायकोर्ट भडकलं, म्हणालं आमच्या दारात यायला अडवणारे हे कोण, आणि त्या हुकुमाविरुद्ध आपला हुकूम काढला. स्टेवर स्टे. २०२१ च्या ऑगस्टला दोघांनी आपसात मिटवलं आणि दोन्ही कोर्टं बसली बघत.

शेवटी सगळे आपसातच मिटवतात. ॲपल आणि सॅमसंगने अमेरिकेबाहेरच्या सगळ्या केसी २०१४ मध्येच गुंडाळल्या आणि उरलेली जून २०१८ मध्ये मिटवली. सात वर्षं! कितीला मिटवलं ते सांगितलं नाही, तसाच करार असतो, गुप्त. एवढ्या कोर्टांत एवढी कागदपत्रं आली, फोनच्या कोपऱ्याची गोलाई मोजून झाली, आणि खरा आकडा तेवढा पाकिटात.

त्याच पावसात आमचा टिपर गेला. २०१४ नंतर परत थोड्याफार ट्रिपा मिळाल्या होत्या, पण मार्च २०१८ ला खाणींच्या ८८ लीजा एकदम बंद झाल्या आणि बाबांनी फणसाखाली परत उभा करायला नकार दिला. हुबळीचा एक माणूस आला, बॉनेट उघडून बघितलं, बाबांना घेऊन फाटकापर्यंत चालत गेला, दोघं तिथे उभं राहून बोलले आणि संध्याकाळी टिपर गेला. कितीला दिला ते बाबांनी अजून आईलाही सांगितलेलं नाही.