आमची वाटचाल: एक वही आणि न चुकवायचे शॉट

आम्ही सुरुवात केली तेव्हा एक कॅमेरा होता, एक ट्रायपॉड आणि माणसं दोन, मी आणि माझा धाकटा भाऊ. लग्नांचं शूटिंग करायचो, तेही टेपवर. एक टेप साठ मिनिटांची, त्यामुळे रेकॉर्डचं बटण हात आखडूनच दाबलं जायचं. पुढे डीएसएलआर, म्हणजे व्हिडिओही घेणारे फोटोचे कॅमेरे आले, चित्र देखणं झालं, आणि आम्ही दिसेल ते शूट करत सुटलो.

त्याच दिवसांतलं एक लग्न अजून बोचतं. तेव्हाच्या कॅमेऱ्यांत कार्डावरची एक फाइल ४ जीबीच्या पुढे जात नसे. फुल एचडीत साधारण १२ मिनिटं झाली की रेकॉर्डिंग आपोआप थांबायचं. आम्हाला हे माहीत होतं. तरी विधीच्या आधी सजावटीवरून, पाहुण्यांवरून हौसेनं कॅमेरा फिरवत राहिलो, मध्ये कट केलाच नाही. नवरा-नवरी एकमेकांना वचन देत होते आणि कॅमेरा थांबला. लाल दिवा गेलाय हे माझ्या ध्यानात येईपर्यंत वीसेक सेकंद गेले. ते क्षण त्या जोडप्याला आम्ही कधीच देऊ शकलो नाही.

घरी आल्यावर त्याच रात्री वही काढली. पानाचे तीन भाग केले. पुन्हा न होणारं, सांगून पुन्हा घेता येणारं, आणि मिळालं तर उत्तम. दागिने, पत्रिका, रिकामा हॉल, जोडप्याचे निवांत शॉट हे दुसऱ्या भागात. नाचगाणी, लहान मुलांची पळापळ तिसऱ्यात. पहिल्या भागात मोजक्या ओळी: नवरा-नवरी पहिल्यांदा समोरासमोर येतात तो क्षण, मुख्य विधी, आईवडिलांचे चेहरे, निरोप. या ओळींसाठी दोन कॅमेरे असल्याशिवाय आम्ही काम घेत नाही. एक ट्रायपॉडवर वाईड, म्हणजे सगळं दृश्य लांबून टिपणारा, त्याला विधी संपेपर्यंत कोणी हात लावायचा नाही. दुसरा क्लोजसाठी, म्हणजे जवळून चेहरे टिपायला, फिरता. क्लोज हुकला तर वाईड सांभाळून घेतो.

वाटलं, यादी पक्की झाली. मग एका नवरीनं फिल्म पाहून विचारलं, "दादा, माझे बाबा कुठे आहेत यात?" सगळं फुटेज पालथं घातलं. साडेसहा तासांत बाबा चार वेळा सापडले, चारही वेळा पाठमोरे. कुणाला खुर्ची सरकवताना, कुणाला दार दाखवताना. लग्न ज्याच्या खांद्यावर असतं तो माणूस फ्रेमच्या बाहेरच राबत असतो, आणि आम्ही विधींची यादी केली होती, माणसांची नाही.

तेव्हापासून पहिल्या भेटीत आमचा पहिला प्रश्न ठरलेला आहे: सगळ्यात जास्त धावपळ कोण करणार? दुसरा प्रश्न, कोणाला फार वेळ बसवत नाही? अशा वयस्कर मंडळींचे शॉट आम्ही आधी उरकतो. कुटुंबाच्या ग्रुपची यादी घरच्यांकडूनच लिहून घेतो. एका ग्रुपला तीन मिनिटं धरली तर दहा ग्रुपना अर्धा तास लागतो, आणि तो कार्यक्रमात आधीच राखून ठेवावा लागतो. माणसं ओळखून बोलावणारा एक नातेवाईक सोबत मागून घेतो.

हॉल बघायला जातो तो विधीच्याच वेळी. दुपारी चारला खिडकीतून येणारा उजेड सकाळी अकराला तिथे नसतो, आणि नवरीच्या मागे उघडी खिडकी आली तर चेहरा काळा पडतो. आवाजाची वेगळी तयारी असते. नवऱ्याच्या कपड्याला छोटा माइक, शिवाय एक रेकॉर्डर स्पीकरच्या लाइनवर. सुरुवातीला कॅमेऱ्यांसमोर एक टाळी वाजवतो, म्हणजे एडिटिंगला आवाज चित्राशी जुळवणं सोपं जातं. हललेलं चित्र लोक एक वेळ चालवून घेतात, न ऐकू आलेलं वचन कोणी चालवून घेत नाही.

आज आम्ही पाचजण आहोत. प्रत्येक कॅमेरा एकाच वेळी दोन कार्डांवर लिहितो, आणि हॉल सोडण्याआधी तिसरी प्रत ड्राइव्हवर जाते. यादी मात्र अजून हातानंच लिहितो, एकच कागद, घडी घालून प्रत्येकाच्या खिशात.

मागच्या महिन्यात एका नवरीनं त्या कागदावर खाली स्वतःच्या अक्षरात एक ओळ वाढवली, "मी आईकडे बघेन तेव्हा आईचा चेहरा." त्या एका ओळीसाठी आम्ही तिसरा कॅमेरा नेला, आणि माझ्या भावानं तो विधीभर आईवरून हलवला नाही.